पाच नंबरची बाटली

पुण्याहून येणाऱ्या पावण्यांना नुसता पाव आणि साधं पाणी द्यायचं, हे ऐकल्यापासून धोंडुबाईंचं डोकं ठणकत होतं.

"पाव आन् पाणी?" त्यांनी सुनेला विचारलं. "माणसं जेलातनं सुटून याल्यात का जेलात निघाल्यात?"

क्रांतीला या घरात येऊन तीस वर्षं झाली होती. सासूच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं की दुसरा येतो, हे तिला माहीत होतं. पण आज दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिनं समजावून सांगितलं, की येणारी दोन माणसं बिअर चाखून तिला मार्क देणारी आहेत. मार्क जिभेनं द्यायचे, म्हणून जिभेवर दुसरी कसलीच चव नको. त्यांचं काम संपेपर्यंत घरात फोडणी टाकायची नाही, उदबत्ती लावायची नाही, डोक्याला वासाचं तेल चोळायचं नाही. धैर्यशीलनं तसं बजावलं होतं.

"त्यांची जीभ कोरी पायजे, आत्ती."

"कोरी जीभ घिऊन कोल्हापुरात कशाला याल्यात मग?"

धैर्यशील हा धोंडुबाईंचा एकुलता एक नातू. बेंगळुरूची कॉम्प्युटरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तो घरी आला आणि पन्हाळा रोडवरच्या घराशेजारी जे बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं, तिथं त्यानं स्टीलच्या टाक्या बसवल्या. सरकारी परवाना काढून तो बिअर करू लागला. भावकीत काय सांगायचं, हा प्रश्न धोंडुबाईंनी एका वाक्यात मिटवला होता. "पोरानं सरबताचा कारखाना काढलाय," असं त्यांनी जाहीर केलं, आणि भावकीतल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक असूनही त्यांच्यासमोर "व्हय का, कसलं सरबत?" असं विचारायची एकाचीही छाती झाली नाही. त्या स्वतः बिअरचं नावसुद्धा घेत नसत. "ते" म्हणत. "त्याची टाकी धुतलीस का?" असं.

दोन वर्षं त्या देवाला सांगत होत्या, की त्या टाक्या उचलून ने. आणि गेल्या आठवड्यात त्यांनी नातवाचं फोनवरचं बोलणं ऐकलं. पुण्याच्या हॉटेलवाल्यांनी बिअर घेतली तर ठीक, नाहीतर एक जूनला तो बेंगळुरूला परत हजर होणार होता. जुन्या कंपनीचं पत्रही आलं होतं.

त्या दिवशी धोंडुबाई जेवल्या नाहीत. मुलगा तरुणपणीच गेला. घरात सासू आणि सून. हा पोरगा आल्यापासून भाकरीला खाणारं तोंड होतं, भांडायला माणूस होतं. संध्याकाळी देवासमोर बसल्यावर मोठी पंचाईत झाली. दारूला यश दे, असं जोतिबाला कुठल्या तोंडानं म्हणायचं? शेवटी त्या मोघम बोलल्या. "पोराच्या मनासारखं कर. कशाबद्दल ते इचारू नगंस."

रविवार उजाडला, आणि नऊ वाजता वीज गेली. एप्रिलचा शेवट, ऊन तापलेलं, आणि जनरेटरमध्ये डिझेलचा थेंब नाही. धैर्यशीलनं पाच प्रकारची बिअर स्टीलच्या पाच बाटल्यांत काढली. एक गव्हाची, एक साधी पिवळी, एक कडू, एक काळी आणि एक अशी, जिच्याबद्दल तो कुणाला काही सांगत नव्हता. बाटल्यांवर एक ते पाच आकडे चिकटवून त्यानं त्या स्वयंपाकघरात बर्फाच्या टबात उभ्या केल्या. कुठल्या आकड्यात काय आहे हे पावण्यांना कळू द्यायचं नव्हतं, आणि करणाऱ्यानं चाखताना खोलीत थांबायचं नाही असा नियमच होता. म्हणून ओतायचं काम त्यानं आईकडे दिलं, आणि कॅन घेऊन तो पंपावर पळाला. "पावणं साडेअकराला येत्यात, तवर आलोच," म्हणाला.

पावणे पावणेअकरालाच आले.

एक स्नेहल नावाची चाळिशीतली बाई. चष्मा, हातात कागदांची फाईल, बोलणं मोजकं. दुसरा यशराज, तिशीचा, गोरागोमटा. धोंडुबाईंनी त्यांना सोप्यात बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, की कवा निघालासा. पाच वाजता, असं स्नेहलनं सांगितलं. वाटेत काही खाल्लं का? नाही, जिभेसाठी उपाशीपोटीच आलो आहोत, चहासुद्धा घेतला नाही.

झालं. पहाटे पाचपासून उपाशी असलेली दोन माणसं धोंडुबाईंच्या सोप्यात बसली होती, आणि त्यांनी घरात फोडणी न टाकायचा शब्द दिला होता.

पण शब्द त्यांच्या घराचा होता. शेजारच्या मदिनाभाभीच्या घराचा नव्हता. रविवारचं मटण चुकवायचं म्हणजे सुतक पडल्यासारखं, म्हणून धोंडुबाईंनी सकाळीच मटण आणि कांदा-लसूण मसाल्याची बरणी भिंतीवरून पलीकडे दिली होती. आता त्या परसात गेल्या आणि हाक मारली. भिंतीवरून तांबड्या रश्शाचं पातेलं अलीकडे आलं. पाठोपाठ मदिनाभाभीचा चेहरा आला. तिनं सांगितलं, की मसाला नवा आहे, अंदाज आला नाही, जरा चढलाय.

"चढू दे," धोंडुबाई म्हणाल्या. "पुण्याची हायेत. सांगायला तरी ऱ्हाईल."

क्रांतीनं दारात आडवं उभं राहून बघितलं. "आत्ती, धैर्या काय म्हणालाय..."

"धैर्या म्हणालाय जेवाय घालू नगा. मी कुटं जेवाय घालतोय? नुसता रस्सा हाय. पाण्यागत प्यायचा."

हेच त्यांनी पावण्यांनाही सांगितलं. यशराजनं आधी हात जोडले, मग घड्याळ दाखवलं, मग स्नेहलकडे बघितलं. पण कोल्हापुरात नको म्हणणाऱ्या माणसाच्या हातात वाटी आलेलीच असते. नको कुठल्या वाटीला म्हणायचं, एवढंच त्याच्या हाती उरतं. रश्शावर बोटभर लाल तवंग होता. वास नाकात गेला आणि पहाटेपासून उपाशी असलेल्या पोटानं पुढचा निर्णय घेऊन टाकला. यशराजनं एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि आपला नियम आपणच मोडतोय हे कळत असूनही वाटी रिकामी केली. मग दुसरी. तिसरी त्यानं मागून घेतली. स्नेहलच्या दोन झाल्या.

चटका मागाहून आला. आधी यशराजचे कान लाल झाले, मग नाक वाहायला लागलं, मग तो जीभ बाहेर काढून फाईलीनं वारा घेऊ लागला. स्नेहलनं चष्मा काढून डोळे पुसले आणि त्याच बोटांनी पुसले, त्यामुळे पुन्हा पुसावे लागले. तिनं कसंबसं विचारलं, की बर्फ मिळेल का.

धोंडुबाई लगबगीनं बर्फाच्या टबाकडे गेल्या. पाचवी बाटली जरा कलली होती. ती सरळ करताना झाकण निसटलं आणि वास आला.

त्या जागच्या जागी थांबल्या. हा वास त्यांना नवा नव्हता. नवरा गेल्यावर बावीस वर्षं त्यांनी ते गुऱ्हाळ एकटीनं चालवलं होतं. उसाचा रस वेळेत काहिलीत गेला नाही की उन्हात आंबतो. आंबलेला रस कितीही उकळा, गूळ बसत नाही. चिकट चिखल होतो नुसता. धोंडुबाई पिंपावर वाकत, एक श्वास घेत आणि सांगत, "वता बाहीर." गूळ शिजवणारा गुळव्या हातापाया पडला तरी ऐकत नसत. पुढं पुढं आजूबाजूचे गुऱ्हाळवाले शंका आली की त्यांनाच बोलावून नेत. शाळेत त्या दोनच वर्षं गेल्या, पण नाकाला कधी कुणी अंगठा लावायला सांगितला नाही.

आणि ही बाटली आंबली होती. चांगली सणसणीत आंबली होती.

पोरानं रात्र जागून काढली, त्यात वीज गेली, त्याच्या ध्यानात आलं नसणार. पावण्यांच्या पुढ्यात हे गेलं तर संपलंच, बेंगळुरूची गाडी दारात उभी. धोंडुबाईंनी अख्खी बाटली मोरीत रिकामी केली. आतून दोनदा खळबळून घेतली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आकडे पाच, पेले पाच, आणि भरलेल्या बाटल्या चार.

पंगतीत एखादी भाजी बिघडली तर दुसरं काही वाढायचं, पण पान रिकामं ठेवायचं नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी कधी मोडलं नव्हतं. माठाशेजारी सकाळीच करून ठेवलेलं कैरीचं पन्हं होतं, पावण्यांना जाताना द्यायला. त्यांनी ते फडक्यातून दोनदा गाळलं, बर्फाचं पाणी घालून पातळ केलं. रंग तसाच गढूळ पिवळा आला. बाकीच्याला फेस येतो हे त्यांनी दोन वर्षं बघितलं होतं, म्हणून रवी घेऊन चांगलं घुसळलं. फेस आला. झाकण लावलं आणि त्या बर्फ घेऊन बाहेर गेल्या. पावणे पहिल्याच घोटाला हे पन्हं म्हणून ओळखतील, हसतील, आणि चार बाटल्यांवर मार्क देऊन जातील, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

धैर्यशील आला तेव्हा पावण्यांची तोंडं पुसून झाली होती. त्यानं विचारलं, की सगळं ठीक आहे ना, तुमचे डोळे लाल दिसतात. स्नेहल म्हणाली, "प्रवास." यशराजच्या गालात बर्फाचा खडा होता. परीक्षकानंच परीक्षेआधी तीन वाट्या रस्सा ढोसला, हे पुण्याला कळलं असतं तर नोकरीवर आलं असतं. धैर्यशील नियमाप्रमाणे बाहेर ओट्यावर जाऊन बसला. क्रांती ओतू लागली. धोंडुबाई दाराच्या फटीशी.

पहिला पेला. दोघांनी हुंगला, म्हणजे हुंगायचा प्रयत्न केला. नाकं वाहत होती. घोट घेतला, एकमेकांकडे बघितलं आणि कागदावर तीस लिहिलं. पन्नासपैकी. दुसऱ्याला तीस. तिसरी कडू बिअर, जी धैर्यशीलच्या मित्रांना कडुनिंबाचा काढा वाटे, ती त्यांनी पाण्यासारखी गिळली आणि तीस लिहिलं. काळ्या बिअरवर स्नेहल जरा अडली. "भाजलेलं काहीतरी लागतंय," ती म्हणाली. यशराजनं हळूच सुचवलं, की ते सुकं खोबरं असेल, मघाचं. तिलाही तीस.

मग पाचवा. यशराजनं घोट घेतला आणि ताठ झाला. आग लागलेल्या जिभेवरून आंबटगोड गारवा घशात उतरला, तसा त्याच्या जिवात जीव आला. त्यानं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला.

"बुडबुडे बघ," तो म्हणाला. "किती बारीक आहेत. जिभेच्या टोकावर नुसते नाचतायत."

त्या पेल्यात बुडबुडा औषधाला नव्हता. नाचत होती ती मदिनाभाभीची मिरची. पण स्नेहललाही ते जाणवलं. तिनं डोळे मिटले. मागं वेलची आहे, म्हणाली, आणि एक मीठ आहे, कळेल न कळेल असं. फार धाडसी माणूस आहे. धोंडुबाई दाराआड वाट बघत राहिल्या, की आता म्हणतील पन्हं, आता म्हणतील. कुणी म्हणालं नाही.

धैर्यशीलला आत बोलावलं. स्नेहलनं कागद समोर धरले आणि सांगितलं, की पहिल्या चार ठीक आहेत. पण पाचवी. अकरा वर्षांच्या कामात तिनं कुणाला शेहेचाळीस दिले नव्हते. ही एक बाटली पुरे होती. त्यांच्या चारही हॉटेलांत ती जाईल, पत्र याच आठवड्यात.

धैर्यशीलनं तो आकडा दोनदा वाचला. पाचवीवर त्याचा सगळ्यात जास्त जीव होता, म्हणाला. लाकडी पिंपात आठ महिने मुरवली होती, फसली असती तर दुसरं काही उरलं नव्हतं. मग तो वळला, दारातल्या आजीच्या पायाशी वाकला.

"आज्जी, ऱ्हायलो बघ हितंच."

हेच ऐकायला त्या आठवडाभर देवाला मोघम बोलत होत्या. गप्प बसलं की झालं. बाटली मोरीत गेली होती, क्रांतीला माहीत नव्हतं, पावण्यांना कळलं नव्हतं. धोंडुबाईंनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. गुऱ्हाळ चालवत होत्या तेव्हा प्रत्येक ढेपेवर त्यांचा शिक्का पडे. एकदा माल कमी पडला म्हणून दिवाणजीनं शेजारच्या गुऱ्हाळाच्या दहा ढेपा त्यांच्या शिक्क्याखाली भरल्या होत्या. ट्रक मार्केट यार्डात पोचायच्या आत त्यांनी तो अडवला होता. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत.

"उठ," त्या म्हणाल्या. "ते पाच नंबरचं तुझं न्हवं."

कुणालाच काही कळलं नाही.

"माझं हाय. पन्हं हाय कैरीचं. तुझं आंबलं हुतं, म्हणून मी मोरीत वतलं."

धैर्यशील होता तिथंच खाली बसला.

"आज्जी," तो म्हणाला, "ते आंबटच असतंय. मुद्दाम आंबवत्यात."

"मुद्दाम?" धोंडुबाईंनी आयुष्यात एवढी मूर्खपणाची गोष्ट ऐकली नव्हती. "आठ महिनं मुद्दाम आंबवत बसलास? मला इचारला असतास तर उन्हात ठिवून दुपारपतोर करून दिलो असतो."

क्रांतीनं तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की रडू, ते तिलाच सांगता आलं नसतं. धोंडुबाई मात्र पावण्यांकडे वळल्या होत्या. आयुष्यात कुणाची माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ती मागतानाही त्या भांडायला उठल्यासारख्याच दिसत होत्या. जे काही झालं ते त्यांनी केलं, म्हणाल्या. पोरगा बाहेर होता, त्याच्यावर राग काढायचा नाही. रस्सा पण त्यांनीच पाजला.

रस्सा हा शब्द ऐकून धैर्यशीलनं मान वर केली. पावण्यांनी खाली घातली.

"तीन वाट्या," यशराज पुटपुटला. "मी तिसरी मागून घेतली."

स्नेहलनं चष्मा काढून पुसला. आपणही सांगायला हवं होतं, ती म्हणाली. जिभेला काही कळतच नव्हतं. पहिल्या चारही पेल्यांत तिला एकच चव आली, आणि ती पातेल्यातली होती. तिनं सगळे कागद एकत्र केले आणि फाडले. पिंपात पाच नंबरची बिअर अजून शिल्लक आहे का, विचारलं. होती. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा येतो, म्हणाली. रात्री पन्हाळ्यावर मुक्काम करू आणि सकाळी थेट टाक्यांपाशी उतरू. घरात पाऊल टाकणार नाही.

धोंडुबाईंना कुणी काही बोललं नाही. धैर्यशील तर नाहीच. तेच त्यांना सोसलं नाही. शनिवारी त्यांनी पिशवी भरली आणि मलकापूरला लेकीकडे, संयोगिताकडे निघाल्या. नातवाला लांबूनच सांगितलं, की आंब्याचे दिवस आहेत, लेकीला भेटून येतो. माफीचा याहून मोठा अर्ज त्यांना लिहिता आला नसता.

रविवारी त्या फोन मांडीवर घेऊन बसल्या. दहा वाजले, बारा वाजले. संयोगितानं जेवायला बोलावलं तर आमटी अळणी आहे म्हणाल्या, न चाखताच. जावयानं टीव्ही लावला तर बंद करायला लावला. दोन वाजता फोन वाजला तो कर्ज हवं का विचारणाऱ्या मुलीचा. तिला त्यांनी असं काही सुनावलं, की तिनं स्वतःच फोन ठेवला. नातवाचा फोन आला तेव्हा साडेतीन वाजले होते.

गव्हाच्या बिअरला एकोणचाळीस मिळाले होते. ती हॉटेलवाल्यांनी घेतली. आत्तापुरती दोन हॉटेलांत.

"आन् आंबल्यालं?" धोंडुबाईंनी विचारलं.

"त्याला छत्तीस. चांगलं हाय म्हणाली दोघं." धैर्यशील थांबला. "पण दोघांनीबी खाली एकच शेरा मारलाय. मागच्या खेपेचं जास्त चांगलं हुतं म्हणून."

धोंडुबाईंनी फोन तोंडापासून लांब धरला. बोलल्या असत्या तर आवाजातला गर्व पोराला कळला असता.

त्यानं पुढचं सांगितलं. आंबट बिअरमध्ये कैरी आणि गूळ घालून, पिंपात मुरवून बघ, असं स्नेहलनं सुचवलं होतं. जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात चारही हॉटेलं. कैरी कुठली, किती पिकलेली, गूळ कधी घालायचा, यातलं त्याला काही कळत नव्हतं. आठ महिने कुणीतरी रोज हुंगून बघायला पाहिजे होतं.

"मग जूनात?" त्यांनी विचारलं. तेवढंच विचारायचं होतं.

"जूनात आता कुटं जातो, आज्जी? मघाशीच फोन करून नको म्हणून सांगितलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई मलकापूरच्या बाजारात कैरीवाल्यासमोर बसल्या होत्या. प्रत्येक कैरीचा देठ मोडून चीक बघत होत्या, हुंगत होत्या आणि दहातल्या सहा परत फेकत होत्या. कैरीवाला आधी चिडला, मग थकला, मग त्यांच्या ढिगाकडे बघून चाट पडला. दोन पोती भरली तरी बाई उठायला तयार नव्हती.

"मावशी, एवढ्या कैऱ्या?" तो म्हणाला. "घरात लगीन हाय जणू."

"लगीन न्हाय," धोंडुबाई तिसरं पोतं पुढं ओढत म्हणाल्या. "नातू ऱ्हायलाय घरात."